नामाची न घासलेली प्लेट

नामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरच्या आयटीआयमध्ये वेल्डिंगच्या वर्गात उभा होतो. पलीकडून नामाच्या बायकोचा, म्हणजे सुशीलावहिनींचा भाऊ बोलत होता. "सर, दाजी गेले... आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी," एवढंच म्हणाला. मी फोन खिशात ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? दुःख नंतर आलं, चांगलं पोटभर आलं. पण पहिला विचार असा होता, की हा इथंही माझ्या पुढं गेला! लिहायला लाज वाटते. तरी लिहितो, कारण नामदेवबद्दल लिहायचं आणि त्याच्यावर मी तीस वर्षं कसा जळलो हे लपवायचं, तर मग कामथडीच्या दुसऱ्या कुणीही हा लेख लिहिलेला चालेल. त्याला जाऊन आता दीड महिना झाला. घरात त्याचा विषय निघाला की बायको माझ्या तोंडाकडे बघते. तिला सगळं माहीत आहे.

आम्ही दोघं कामथडीचे, एका वर्गातले, एका बाकावरचे. दहावीनंतर दोघांनी एकाच दिवशी भोरला वेल्डिंगला प्रवेश घेतला आणि ते झाल्यावर नसरापूरला आप्पांच्या वर्कशॉपमध्ये एकाच दिवशी कामाला लागलो. आप्पा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. त्यांची ट्रॉली म्हणजे ट्रॉली, सारोळ्यापासून वेल्ह्यापर्यंत नाव होतं. गिऱ्हाईक आलं की आधी काय करायचं, तर ट्रॉलीच्या कडेवरून बोट फिरवायचं. बोट कुठं अडकलं की तोंड वाकडं. म्हणून आप्पांचा नियम होता, जोड मारला की तो ग्राइंडरनं असा घासायचा की जोड कुठला आणि पत्रा कुठला हे कळता कामा नये. मग वर लाल रंग. या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता. नामाचा जोड दणकट असायचा, पण घासायचा त्याला कंटाळा. आप्पा त्याला म्हणायचे, "नामा, ही ट्रॉली हाय का करवत? त्या सरांकडनं शीक जरा." सर हे नाव मला आप्पांनी दिलं, आयटीआयच्या नोकरीच्या पुष्कळ आधी. सांगायचा मुद्दा, त्या काळी नामानं माझ्यावर जळावं अशी परिस्थिती होती. तो जळायचा नाही, हा त्याचा दोष.

मग कोकणातल्या एका गोदीत वेल्डर घेणार असल्याचं कळलं. तिथं बार्ज, म्हणजे माल वाहायच्या सपाट बोटी, बांधत होते, पण पुढं हुशार कामगारांना परदेशी मोठ्या गोदीत संधी मिळते असं ऐकलं होतं. आम्ही दोघं एसटीनं गेलो. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आदल्या दिवशी पोचलो, मी जरा आडवा झालो आणि नामा गोदीच्या फाटकासमोरच्या टपरीवर तिथल्या कामगारांशी गप्पा मारत बसला, तासभर तरी. हा तासभर पुढं माझ्या डोक्यात फार वर्षं राहिला. दुसऱ्या दिवशी परीक्षा. दोन जाड प्लेटा उभ्या बांधलेल्या, त्यांच्यातली फट खालून वर भरत न्यायची, थरावर थर. मधले थर साफ करायला दोघांत एक ग्राइंडर. माझा जोड वेळेच्या बराच आधी झाला. उरलेला वेळ मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. मी आप्पांचा माणूस होतो. घंटा होईपर्यंत मी तो जोड घासत होतो आणि शेवटी प्लेट आरशासारखी झाली. नामाची प्लेट होती तशीच, करंजीच्या मुरडीसारख्या वळ्या दिसणारी, टेबलावर माझ्या प्लेटशेजारी ठेवली गेली तेव्हा मला त्याची कीव आली होती. तपासनीस आले. माझी प्लेट त्यांनी उचललीसुद्धा नाही, बोटानं बाजूला सरकवली. नामाची उचलली, उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली... आणि त्याचं नाव लिहून घेतलं.

येताना एसटीत नामा एक शब्द बोलला नाही. महाडला उतरून चहा घेतला तेव्हाही नाही. नाव लिहून घेतलेल्या माणसाची ही गत असेल तर न घेतलेल्यानं काय करायचं? मी खिडकीबाहेर बघत वरंधा घाट चढून आलो. महिन्याभरात त्याला पत्र आलं आणि तो गेला. मी वर्षा-दोन वर्षांत भोरला निदेशक म्हणून लागलो आणि शिकवायला म्हणून पुस्तकं वाचायला घेतली, तेव्हा मला कळलं की जहाजाच्या कामात वरचा शेवटचा थर घासायचाच नसतो. त्या वळ्यांवरून तपासणारा वेल्डरचा हात वाचतो. घासलेला जोड म्हणजे काहीतरी लपवलेला जोड. बघायचंही कारण नाही, बाद. ते वाचलं त्या क्षणी माझ्या डोक्यात टपरीवरचा तासभर उभा राहिला. तिथल्या कामगारांनी नामाला सांगितलं असणार. त्याला माहीत होतं आणि मी शेजारी घासत असताना तो गप्प राहिला. एसटीतही म्हणूनच गप्प होता. मला हे इतकं पटलं की पुढं तीस वर्षं मी त्याला एकदाही विचारलं नाही. दर वर्षी नव्या पोरांना मात्र सांगत आलो, "वरचा थर घासू नका रे, एक माणूस त्यापायी बाद झाला होता." माणूस कोण ते सांगितलं नाही.

नामा चार-सहा वर्षांत कोरियाला गेला. तिथं कंटेनर वाहणारी अजस्र जहाजं बांधतात. पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा माझ्याच वर्गात, माझ्याच पोरांपुढं, मीच त्याला उभा केला. मोठेपणा दाखवायला गेलो आणि जन्माची अद्दल घडली. त्यानं सांगितलं की जहाज खालून वर बांधत नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी बांधतात. एकेक तुकडा आपल्या आयटीआयच्या इमारतीपेक्षा मोठा, आणि काम सोपं व्हावं म्हणून पालथा घालून बांधायचा, मग क्रेननं उचलून हवेतच उलटवायचा आणि शेजारच्या तुकड्याला आणून लावायचा. फटीत करंगळीसुद्धा जाता कामा नये. कंटेनर आत उतरवायला वरून जी तोंडं ठेवतात, त्यांच्या काठाचं पोलाद चार बोटं जाड. ते आधी तापवायचं, आणि जोड एकदा सुरू केला की पूर्ण झाल्याशिवाय थांबायचं नाही, एका पाळीच्या हातातून दुसऱ्या पाळीनं घ्यायचा. "का?" असं एकानं विचारलं. माझ्या वर्गात कुणी का विचारल्याचं मला आठवत नव्हतं. नामानं वेल्डिंगच्या कांड्यांचा रिकामा खोका उचलला, वरचं झाकण फाडून टाकलं आणि दोन्ही हातांनी पिळला. "ह्ये बगा. झाकण असतं तवर खोका पिळत न्हाई. आमचं जहाज म्हंजी बिनझाकणाचा खोका. लाटंवर गेलं की पिळणारच. पिळलं तर चालतंय, फाटाय न्हाई पायजे. म्हून काठ जाड." पोरं हसली, टाळ्या वाजवल्या, भोरहून कामथडीची शेवटची गाडी चुकेपर्यंत त्याला सोडलं नाही. पुढच्या वर्षी मी तोच खोका तसाच फाडून पिळून दाखवला. कुणी हसलं नाही. एकानं हळूच विचारलं, "सर, तुमी जहाज बगितलंय का?" मी म्हणालो, "हो, बघितलंय की." मी बार्ज बघितला होता. अर्धा.

बांधणीतून तो पुढं जहाजावरच फिटर म्हणून चढला. सात-आठ महिने समुद्रावर आणि तीनेक महिने कामथडीत, असं चाललं. जहाज चारशे मीटर लांब, त्यावर हजारो खोके, आणि माणसं म्हणाल तर आपल्या एसटीत बसतील आणि अर्धी गाडी रिकामी राहील एवढी. खोक्यात काय आहे हे त्यातल्या कुणालाच माहीत नसतं. कुठल्याही बंदरात जहाज दिवस-दोन दिवसांच्या वर थांबत नाही, म्हणून नामानं अर्धं जग पाहिलं ते क्रेनच्या पायांतून. काम काय, तर खोके ज्यांवरून आत उतरतात त्या वाकलेल्या पट्ट्या सरळ करायच्या, इंजिनाच्या आमच्या विहिरीएवढ्या सिलिंडरात माणूस उतरायचा त्याची शिडी सांधायची, आणि खोके एकमेकांना धरून ठेवणाऱ्या सळया आणि त्या आवळायचे आटे रोज सकाळी हातानं ओढून बघायचे. वादळात तो डेकखालच्या लांबलचक बोळात उभा राहिला की बोळाचं दुसरं टोक वळताना दिसायचं, असं तो सांगायचा. सांगताना मान जरा तिरकी करायचा आणि ऐकणाऱ्यांची मान आपोआप तिरकी व्हायची. माझी बायकोसुद्धा मान तिरकी करून ऐकायची आणि ऐकता ऐकता त्याला तिसरी पोळी वाढायची. मला दुसरी मागून घ्यावी लागते.

एकदा आम्ही दोघं हायवेला फाट्यावर चहा पीत बसलो होतो. साताऱ्याकडून कंटेनरचा ट्रेलर आला आणि टपरीसमोर हळू झाला. नामा कप ठेवून उठला तो थेट रस्त्यात. हात आडवा करून ट्रेलर थांबवला. ड्रायव्हर शिव्या देत उतरला. "भांडतो का मर्दा," नामा म्हणाला, "हिकडं ये. चार कोपऱ्यांतली दोन कुलपं उगडी हायती. खोका नुसता ठिवलाय, बसवला न्हाई. खंबाटकीच्या वळणावर तुजं नशीब, म्हून हितवर आलास." आणि स्वतः वाकून त्यानं ती दोन्ही फिरवून बंद केली. ड्रायव्हरनं चहा पाजला, टपरीवाल्यानं आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्ट सांगितली. त्या टपरीवर मी वीस वर्षं बसत होतो हो. रोज ट्रेलर जात होते. उघडी कुलपं माझ्याही समोरूनच जात होती.

आणि नामाची आई... तिला आम्ही नानी म्हणायचो. तिच्या शेवटच्या दुखण्यात नामा कुठल्यातरी दोन बंदरांच्या मधे होता. दवाखान्यात मी नेलं, उशाशी मी बसलो, पाणी मी पाजलं. तिला नजर कमी होती. मी हात धरला की म्हणायची, "नामा, आलास व्हय बाळा?" पहिल्यांदा मी म्हणालो, "नानी, मी हाय." तिचा हात ढिला पडला. दुसऱ्यांदा मी 'व्हय' म्हणालो. ती गेली ती माझा हात नामाचा समजून. मी हे नामाला कधी सांगितलं नाही. त्याला बरं वाटलं असतं, म्हणून नाही सांगितलं. असा मी माणूस.

मागच्या वर्षी तो सुट्टीवर आला आणि पोटाचं दुखणं निघालं. परत जहाजावर गेलाच नाही. शेवटच्या महिन्यात मी एका दुपारी ठरवून गेलो. आज विचारायचंच. नामा खाटेवर उशीला टेकून बसला होता, हाताची हाडं दिसत होती, मनगटावरचे ठिणग्यांचे जुने डाग तेवढे तसेच. इकडचं तिकडचं बोलून झालं. मी म्हणालो, "नामा, त्या गोदीतल्या परीक्षेच्या येळी..." तो माझ्याकडे बघून हसला. दात तेवढे पूर्वीचेच होते. "लई चकचकीत हुती तुजी प्लेट," तो म्हणाला. "म्या अजून इसरलो न्हाई." एवढ्यात वहिनी पेज घेऊन आल्या. मी उठलो. मरतानासुद्धा हा माणूस मला टोमणा मारतोय, असं म्हणत गाडीला किक मारली. ती आमची शेवटची भेट.

आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात. नदीच्या काठी माणूस मावत नव्हता. तो पंच्याण्णव देश फिरला इथपासून ते जहाज त्यानं एकट्यानं बांधलं इथपर्यंत सगळे बोलले. मग माझं नाव पुकारलं, "आता नामदेवरावांचे बालमित्र, आयटीआयचे सर, दोन शब्द बोलतील." मी दोनच बोललो. खाली उतरलो तर पांढरी दाढी, पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ वाट काढत आले. रत्नागिरीकडचे इब्राहिमभाई, जहाजावरचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. नामाबरोबर अकरा वर्षं काढलेली. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळ्यांत पाणी असताना हसले.

"म्हणजे ग्राइंडरवाले सर ते तुम्हीच?"

ते म्हणाले, "अहो, आमच्या जहाजावर नवीन पोरगा चढला की नामदेव जेवणाच्या टेबलावर ती गोष्ट सांगायचाच. म्हणायचा, दोघांत एकच ग्राइंडर होता. माझा मित्र घासतोय, घासतोय. मी तीनदा हात पुढं केला, दे की रे जरा, मलापण घासायचंय. तो म्हणतोय थांब, थांब. घंटा झाली तरी सोडला नाही त्यानं. मी रडायच्या बेतात. तशीच खडबडीत प्लेट टेबलावर ठेवली. नाव लिहून घेतलं ते बाद करायलाच, असं वाटलं. एसटीत रागानं बोललो नाही त्याच्याशी. तो राग, सर, पत्र येईपर्यंत टिकला म्हणायचा! मग हसायचा आणि म्हणायचा, त्यानं ग्राइंडर सोडला असता तर मी आज नसरापूरला ट्रॉल्या घासत असतो."

मी तिथंच काठावरच्या दगडावर बसलो. आठवलं. खरंच आठवलं हो! डाव्या बाजूनं आलेला तो काळा हात, आणि मी खांद्यानं त्याला मागं सारत "थांब की लेका" म्हणालो होतो ते. तीस वर्षांत ही एवढी गोष्ट माझ्या आठवणीतून पार पुसली गेली होती आणि टपरीवरचा तासभर मात्र घट्ट बसला होता. त्याला काही माहीत नव्हतं. त्यालाही घासायचीच होती. तोही आप्पांचाच माणूस होता. त्याची गोदी, त्याचं कोरिया, तो पिळणारा बोळ, सगळं माझ्या हावरेपणातून निघालं होतं, आणि निघालं ते माझ्यासाठी नाही. मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" त्या म्हणाल्या, "व्हय की. पण हे म्हनायचे, सरांपुढं न्हाई काडायचं. त्येला लागंल." आता सांगा, अशा माणसावर जळायचंही अवघड करून ठेवलं त्यानं. तरी मी जळलो. माझी चूकसुद्धा त्याच्याच कामी आली, ह्यावर जळलो.

त्या दिवशीच्या गर्दीत कुणाचा तरी टेम्पो मागं घेताना नामाच्या अंगणाच्या फाटकाला लागला आणि बिजागरी निखळली. मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भावजी, पोरांना धाडू नका. तुमीच या." मी मशीन घेऊन गेलो. ते फाटक नामानं एका सुट्टीत स्वतः केलेलं. मी त्यातून शंभरदा आत-बाहेर केलं असेल, पण बघितलं कधी नव्हतं. तीसेक जोड असतील, एकही घासलेला नाही. प्रत्येकाच्या वळ्या मोजून घ्याव्यात अशा. कुठं हात थांबला, कुठं त्यानं कांडी बदलली, कुठं जरा घाई केली, सगळं दिसत होतं. जहाजावर लागलेली सवय त्यानं घरीही सोडली नव्हती. मी बिजागरी लावली, जोड मारला. आणि खरं सांगतो, माझा जोड त्याच्या कुठल्याही जोडापेक्षा सरस आला. वळी न् वळी सारखी. तो असता तर त्यानं कबूल केलं असतं.

मग मी ग्राइंडर लावला आणि तो घासला. घासू नये हे मला ठाऊक आहे, मी ते शिकवतो. पण हात थांबेना आणि खरं तर मलाही थांबवायचा नव्हता. त्याच्या फाटकावर माझं काम उठून दिसावं असं मला वाटत होतं. वरून काळा रंग मारला. वहिनी चहा घेऊन आल्या, फाटक दोनदा उघडून मिटून बघितलं. मग त्यांनी एकेका जोडावरून बोट फिरवत नेलं, अगदी सावकाश, जसा कुणाचा तरी हात चाचपावा तसं. बोट प्रत्येक वळीवर अडत होतं. बिजागरीपाशी आल्यावर ते सरळ घसरून पुढं गेलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमी कुटं जोडलंय? म्हाईतच पडंना."

मी दाखवायला वाकलो, आणि मलाही सापडेना.